कडेगावच्या शेगडीतला दोष

माझा भाऊ राजरत्न वायरमन. मी त्याच्यापेक्षा सात वर्षांनी थोरली. आई गेली तेव्हा हा नऊ वर्षांचा होता. त्याचं जेवणखाण, शाळा, पुढं आयटीआय, सगळं मीच बघितलं, त्यामुळं त्याला शिव्या द्यायचा हक्क माझा एकटीचा. दुसऱ्या कुणी त्याला बोललं की माझं टाळकं सटकतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं मी कुणाला काय बोलले त्याचं नवल वाटायला नको.

सांगलीत विश्रामबागेत आमच्या दोन खोल्या. मी बालवाडीत शिकवायची आणि राजरत्न एका कॉलेजच्या हॉस्टेलवर रोजंदारीत वायरमन. सहा वर्षं रोजंदारी! हॉस्टेलातला एकेक पंखा त्याच्या ओळखीचा, पण हजेरीपटावर नाव पेन्सिलीनं.

माणूस कसा म्हणाल, तर अबोल आणि भलता संशयी. माणसांबद्दल नव्हे हां, विजेबद्दल. बटण बंद केलं तरी टेस्टर लावणार. टेस्टर पेटला नाही तरी त्यावर विश्वास नाही, मग वायरला बल्ब जोडून बघणार. आणि त्याची एक वही होती. तारीख, ठिकाण, दोष, कारण, उपाय असे पाच रकाने आखलेले. कारण सापडल्याशिवाय हा काम संपलं असं म्हणायचाच नाही. दोष हुडकायची त्याची एकच रीत. तो विचारायचा, "चालत व्हतं तवा आणि बंद पडलं तवा, मधी बदललं काय?" एकदा माझी आमटी खारट झाली तर तिथंही हेच विचारलं. मी उलथनं घेऊन मागं लागले.

शहाण्णव सालची दिवाळी झाली आणि हॉस्टेलवर कायम वायरमनची एक जागा निघाली. मुलाखत सोळा डिसेंबरला. कॉलेजच्या संस्थेवर कडेगावचे नानासो होते. ऊसवाले, मोठं घर, शब्दाला वजन. त्यांनीच निरोप धाडून राजरत्नला बोलावून घेतलं. कडेगाव म्हणजे आमचंही गाव. आमची आजी बायडाबाई ह्याच नानासोंचं अंगण झाडायची. जन्मभर झाडलं, पण गोठ्याच्या पुढं कधी गेली नाही. आमचे वडील, आबा, कंटाळून सांगलीला आले ते परत गेले नाहीत.

नानासोंचं काम असं. त्यांचा मुलगा ज्ञानू मस्कतला होता, त्यानं आईसाठी तिकडून विजेची कुकिंग रेंज पाठवलेली. वर चार शेगड्या, खाली भट्टी, सगळं मिळून एक कपाट. ज्ञानूच्या आईला, बनुबाईला, दमा. डॉक्टरनं सांगितलं होतं, चुलीचा धूर आता बंद, नाहीतर एक दिवस श्वास आत जाईल तो बाहेर यायचा नाही. गॅसचा नंबर लागलेला नव्हता. पण ती रेंज जोडायची कुणी? तालुक्यातले दोन वायरमन रेंजच्या मागची पाटी बघून कानाला हात लावून गेले होते.

"शेगडी चालू करून दे," नानासो म्हणाले. "पत्र मी देतो. जागा तुजी."

झालं! आमच्या घरात आठ दिवस दुसरा विषय नाही. त्यानं मला जमिनीवर खडूनं काढून दाखवलं. साध्या घराची वायर एवढी, ही बया एकटीच सगळ्या गल्लीइतकी वीज खाणार. म्हणून तीन फेजचं मीटर पाहिजे आणि ओझं तिन्ही वायरींवर वाटून द्यायचं. मागच्या बाजूला तळाशी एक डबी असते, तिच्यात पितळी पट्ट्या, त्या कुठल्या काढायच्या नि कुठल्या ठेवायच्या हेच सगळं शहाणपण. आणि अर्थिंग. त्यासाठी त्यानं नानासोंच्या अंगणात स्वतः खड्डा खणला, तांब्याची पट्टी पुरली, मीठ-कोळसा भरला. "आक्का, बाकी सगळं चुकलं तरी ह्ये चुकून चालत न्हाई," म्हणाला. "आत वीज फुटली तर ती ह्या वाटंनं जमिनीत गेली पायजे, माणसातनं न्हवं."

वीस नोव्हेंबरला शेगडी लागली. हा घरी आला तो नुसता फुललेला.

"आक्का, काकूंनी सोता आत बोलावलं. म्हणाल्या, ये की आत, तू आत आल्याबिगर ती बसणार हाय व्हय? आणि त्याच शेगडीवर पयला चा केला. कपबशीतनं दिला."

"मग काय करवंटीतनं देत्यात?" मी खेकसले. पण खोटं कशाला बोलू, मलाही गहिवरून आलं होतं. आजीची आठवण आली.

तिसऱ्या दिवशी हॉस्टेलच्या ऑफिसात फोन. शेगडी झटका देते, फ्यूज उडाला. हा धावत गेला. जाऊन बघतो तर काही नाही! वायर ठणठणीत, बल्ब लावून बघितलं तर शेगडीच्या पत्र्याला वीज नाही. स्क्रू आवळले, फ्यूज बदलला, चारी शेगड्या लालबुंद करून दाखवल्या नि परत आला. दुसऱ्याच दिवशी पुन्हा फोन. पुन्हा झटका.

तिसऱ्या खेपेला त्यानं मागची डबी उघडली. पितळी पट्ट्यांवर पांढरट खार चढलेला. ह्याच्या जिवात जीव आला. "बोटीतनं आली, समुद्राची खारी हवा लागली आसंल," म्हणाला. पॉलिश पेपरनं घासून लख्ख केलं आणि वहीत लिहिलं, कारण: समुद्राचा खार. त्या दिवशी घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दोन दिवसांनी फोन. नानासो स्वतः.

"तुज्यासमोर बरी वागती व्हय रं ती? आरं, माजी बायको परत चुलीम्होरं बसलीया. छाती भात्यागत वाजतीया तिची. सोळा तारखेच्या आत नीट झाली तर झाली. न्हाईतर पत्राचा इचार सोड. आज घरातली शेगडी न्हाई जमत, उद्या चारशे पोरांच्या हॉस्टेलला आग लावशील."

हे शेवटचं वाक्य त्याच्या काळजात रुतलं. फोन ठेवला आणि तिथंच बाकावर बसला, असं ऑफिसातल्या केरबा शिपायानं मला येऊन सांगितलं. मी म्हटलं, होईल ठीक. पण नाही झालं. हा जेवेना. पानावर बसायचा, भाकरी मोडायचा आणि तशीच ठेवायचा. घरातला एकुलता एक बल्बसुद्धा पेटवायच्या आधी तीनतीनदा होल्डर बघायचा. हॉस्टेलवर साधा सांधा केला तरी केरबाला बोलवायचा, "जरा बघ रं, बरुबर हाय न्हवं?" केरबाला त्यातलं काय कळतंय! सहा डिसेंबरला आम्ही दरवर्षी मुंबईला चैत्यभूमीवर जातो. त्या वर्षी हा गेला नाही. "काय तोंड घिऊन जाऊ?" म्हणाला.

मी चिडले. पहिल्यांदा त्याच्यावर, मग नानासोंवर, मग त्या मस्कतवर. "मसणात गेली ती जागा!" मी ओरडले. "रोजंदारीवर मेलो नाही आपण आजवर!"

"जागंचं न्हाई गं आक्का." त्यानं वही पुढं केली. "ह्ये बघ. ईस तारखेला मी गेलो, दोन दिसात झटका. तेवीसला गेलो, चोवीसला झटका. तीस तारखेला गेलो, दोन तारखेला झटका. मधी बदललं काय? दुसरं कायबी न्हाई. मी येऊन गेलो येवढंच. माज्या हातातच कायतरी खोट हाय. मला दिसत न्हाई, पण हाय. एकांदं माणूस मरंल माज्या हातनं."

आणि त्यानं दोन्ही हात माझ्यासमोर धरले. सव्वीस वर्षांचा पुरुष, खांबावर खारीसारखा चढणारा, आणि मला म्हणतो, "तू येतीस का संगं? तू नुसतं माज्या हाताकडं बघ. मी कुठं चुकतो त्ये सांग."

मला विजेतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण गेले.

बारा डिसेंबरला सकाळच्या एस.टी.नं आम्ही कडेगावात उतरलो. त्या घरात मी जन्मात पहिल्यांदा पाऊल टाकलं. बनुबाई दारातच भेटल्या. बाई वाळून काटकी झालेली, बोलताना मध्येच थांबून श्वास ओढायची. मला बघून हसल्या. "बायडाबाईची नात न्हवं का तू? नाक अगदी तिच्यावाणी." त्यांची सून अंकिता, ज्ञानूची बायको. हे नाव लग्नात ठेवलेलं, माहेरचं वेगळंच होतं म्हणे. तिनं मला स्वयंपाकघरात पाट दिला. माणसं वाईट वाटली नाहीत हो. तेच तर दुखतं.

मीटर गोठ्याच्या भिंतीला होतं. राजरत्ननं तिथले फ्यूज काढून खिशात घातले, मग आत येऊन शेगडी पुढं ओढली आणि डबी उघडली. पितळेवर पुन्हा पांढरा खार.

"आता हितं कुठला समुद्र आला?" तो स्वतःशीच पुटपुटला. चेहरा पांढराफटक.

मी त्याच्या हातांवरून नजर हलवली नाही. त्यानं एकेक पट्टी काढली, घासली, कोरड्या फडक्यानं पुसली, बसवली. वायर ओढून बघितली, स्क्रू आवळला, परत ओढून बघितली. आमची आजी गोधडी शिवायची तेव्हा असाच टाका ओढून बघायची. तासभर मी बघत होते. शेवटी घामानं डबडबलेला चेहरा त्यानं माझ्याकडं वळवला.

"कुठं चुकलो?"

"कुठंच नाही रे राजा," मी म्हटलं. "कुठंच नाही."

ह्यानं त्याला बरं वाटायला पाहिजे होतं. उलट तो आणखीच खचला. चूक सापडली असती तर सुधारली असती. आता काय करायचं?

तो पिशवी उचलून फ्यूज बसवायला गोठ्याकडं गेला. जाताना अंकिताला बजावलं, "मी सांगस्तवर हात लावू नका." मी अंगणातल्या नळावर हात धुवायला गेले. पिशवी गेली, मीही उठले, म्हणजे पाहुणे निघाले असं बनुबाईंना वाटलं असणार.

पदराला हात पुसत मी परत दाराशी आले तर आत मी बसले होते तो पाट भिंतीला उभा केलेला. ओला. त्यातनं पाणी ठिबकत होतं. बनुबाई हातातल्या तुळशीच्या डहाळीनं जमिनीवर शिंपडत होत्या, आणि अंकिता तांब्या कलता करून शेगडीवर ओतत होती. वरनं ओतायची, फडक्यानं पुसायची, मग मागच्या जाळीवर ओतायची. क्षणभर मला काही कळलंच नाही. मग वास आला. गोमूत्राचा.

माझ्या डोक्यात लाल अंधारी आली. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात फाट् असा आवाज झाला. शेगडीच्या मागनं निळा लोळ उठला नि अंकिता मागच्या मागं कोलमडली. तांब्या घरभर गडगडत गेला.

गोठ्याकडनं राजरत्न पळत आला. दारातनं त्यानं जमिनीवर पडलेली अंकिता बघितली आणि जो टाहो फोडला तसा मी आई गेली तेव्हाही त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. "मारलं! मी मारलं तिला! आक्का, माज्या हातानं मेली!" आणि कपाळ बडवून घ्यायला लागला. मी त्याचे हात धरले तर मलाच ढकललं.

"भावजी, काय न्हाई झालं मला." अंकिता उठून बसली. हात चोळत होती, पण धड होती. "भ्याले नुसती."

फ्यूज उडाला होता. आत फुटलेली वीज त्यानं मीठ-कोळसा भरून बुजवलेल्या त्या खड्ड्यात गेली होती.

त्यानं तिला डोक्यापासनं पायापर्यंत बघितलं. मग वाकला, पायाशी आलेला तांब्या उचलला आणि नाकाशी नेला. ओल्या शेगडीकडं बघितलं, ओल्या पाटाकडं बघितलं. मी त्याचा चेहरा बघत होते. त्याला दोष सापडला होता.

त्यानं तांब्या खाली ठेवला. पण मी गप्प बसणारी नव्हे.

"पयल्या दिवसापासनं का?" मी विचारलं. "तो प्रत्येक खेपेला येऊन गेला की हेच का? रातध्याड झुरतोय तो तिकडं, जेवत नाही, स्वतःचे हात तोडून टाकायची भाषा करतोय, आणि तुम्ही हितं तांब्यानं मूत ओतताय मशिनीत?"

"आगं, रीत हाय ती," बनुबाई धापा टाकत म्हणाल्या. "माज्या मनात काय न्हाई गं. गुणाचं पोर हाय त्ये. कुणीबी आत येऊन गेलं की..."

"कुणीबी? ते आधीचे दोन वायरमन येऊन गेले तवा शिंपडलंवतं?"

बनुबाईंनी सुनेकडं बघितलं. सुनेनं जमिनीकडं. नानासो दारात येऊन उभे होते, कधी आले कुणास ठाऊक. "बायकांचं काय मनावर घेतीस पोरी," एवढंच म्हणाले, आणि तेही माझ्याकडं न बघता. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं! ठाऊक असून फोनवर त्याला आग लावणारा म्हणाले!

मी राजरत्नचं मनगट धरलं. "चल. नको पत्र नि नको जागा. चल घरी."

तो हलला नाही. हळूच माझा हात सोडवला, खाली बसला आणि पिशवी उघडली. मला वाटलं सामान भरतोय. तर त्यानं सायकलची जुनी ट्यूब काढली, कात्री काढली.

त्यानं ती डबी पुन्हा उघडली, पुन्हा पुसली, कोरडी केली. ट्यूबची पट्टी कापून झाकणाच्या कडेनं बसवली. वायर आत जाते त्या भोकात पुटीचा गोळा दाबून भरला. नानासोंकडनं तेलाच्या डब्याचा पत्रा मागून घेतला आणि जाळीवर तिरका वळचणीसारखा ठोकला, म्हणजे वरनं पडेल ते बाहेरच्या बाहेर वाहून जावं. मी रडत होते, पण रागानं. तो मात्र आता एकेक स्क्रू एकदाच आवळत होता, हे मी बघितलं.

मग गोठ्यात जाऊन फ्यूज घालून आला. बटण फिरवलं. शेगडी हळूहळू लाल झाली.

कोपऱ्यातल्या घागरीतनं, जिच्यात गोमूत्र पाण्यात कालवून ठेवलेलं होतं, त्यानं स्वतः तांब्या भरून घेतला आणि चालू शेगडीच्या मागच्या बाजूवर ओतला. सगळा. एक थेंब ठेवला नाही. पाणी पत्र्यावरनं घरंगळून जमिनीवर आलं, त्याच्या पायापर्यंत आलं. शेगडी लालच राहिली. त्यानं शेगडीच्या अंगाला उलटा हात लावून दाखवला.

"काकू, आता खुशाल शिंपडा," तो म्हणाला. "आत जायला वाट ठेवली न्हाई."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. बनुबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्यांना जी उबळ आली ती थांबेना. अंकिता पाणी आणायला धावली. नानासोंनी उभ्याउभ्याच पत्र लिहिलं, काम उत्तम, माणूस भरवशाचा, आणि सही करून पुढं केलं. त्याच्या जागी मी असते तर फाडून त्यांच्या तोंडावर मारलं असतं. राजरत्ननं ते घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाला, "येतो नाना."

परतीच्या गाडीत आम्हाला मागची जागा मिळाली. मी त्याला बोल बोल बोलले. कशाला वाकलास, कशाला घेतलंस ते पत्र, आजीच्या पुढं एक पाऊल तरी गेलो का आपण? तो खिडकीतनं बाहेर उसाच्या गाड्या बघत होता. मग त्यानं वही काढली. गाडीच्या धक्क्यांनी पेन्सिल हलत होती तरी नीट, सावकाश लिहीत होता. तारीख: बारा डिसेंबर. ठिकाण: कडेगाव. दोष: पत्र्याला वीज. उपाय: रबर, पुटी, पत्रा. कारणाचा रकाना त्यानं शेवटी भरला. मी वाकून बघितलं.

कारण: मी.

"ह्ये काय लिहिलंस?" माझा आवाज एवढा चढला की पुढची माणसं वळून बघायला लागली.

"खरंच हाय की आक्का," तो म्हणाला. "मी आत गेलो नसतो, तर ती कवाच बंद पडली नसती."

मी त्याच्या हातातनं वही हिसकावली, पेन्सिल हिसकावली आणि ते खोडायला लागले. एकदा, दोनदा, दहादा खोडलं, कागद फाटून पेन्सिलीचं टोक खालच्या पानात गेलं तरी खोडत होते. मग वही त्याच्या मांडीवर आपटली. "आता लिही. काय बघितलंस ते लिही. नाव घालून लिही."

त्यानं पेन्सिल हातात घेतली. तासगाव गेलं, माधवनगर गेलं. विश्रामबागला उतरलो तेव्हा ती तशीच त्याच्या हातात होती.

सोळा तारखेला त्याला जागा मिळाली. आता तो तिथला मोठा वायरमन आहे, हजेरीपटावर नाव शाईनं आहे, आणि कडेगावची शेगडी पुढं नऊ वर्षं चालली असं ऐकलं. ती वही माझ्या ट्रंकेत आहे. त्या पानावर चार रकाने भरलेले आहेत आणि कारणाच्या रकान्यात नुसतं भोक आहे.